खडी कुठून घ्यायची? नाशिकचे डोंगर, विहिरी आणि गुणांचा तक्ता

सांख्यिक

सिंहस्थाच्या कामांनी जोर धरला तसे शहराच्या चारी अंगांना खडीचे डंपर वाढले आणि जुना वादही पुन्हा तापला. डोंगर फोडू नका म्हणणारे एका बाजूला, मग रस्ते, पूल, घाट कशाने बांधायचे असं विचारणारे दुसऱ्या बाजूला. ब्रह्मगिरी, सारूळ, बेळगाव ढगा ही नाशिकजवळच्या डोंगर-गावांची नावं गेल्या काही वर्षांत याच कारणाने सतत कानावर येताहेत. मी संख्याशास्त्र शिकवतो. अनेक निकष एकमेकांशी भांडत असताना निर्णय कसा घ्यावा हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून हा धागा.

मला खटकणारी गोष्ट अशी की आपल्याकडे खाणीचा निर्णय एकेका अर्जावर होतो. गट नंबर येतो, मोजणी होते, कागद फिरतात, त्या एका जागेला हो किंवा नाही म्हटलं जातं. जिल्ह्याला पुढच्या पाच वर्षांत किती ब्रास खडी लागणार आणि ती कोणत्या जागांवरून घेतली तर नुकसान सगळ्यात कमी, हा प्रश्न कुणी मांडतच नाही. (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर.) प्रत्येक अर्ज सुटासुटा पाहिला तर प्रत्येकच खाण लहान दिसते. सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. खाणीचे पट्टे पाच हेक्टरच्या आत ठेवून पर्यावरण परवानगी टाळली जात होती. न्यायालयाने लहान पट्ट्यांनाही ती सक्तीची केली.

जागांची तुलना करायच्या पद्धती जगात पन्नासेक वर्षं वापरात आहेत. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात जोडी-तुलनेची पद्धत मांडली. दोन-दोन निकष समोर ठेवायचे, कोणता किती पट महत्त्वाचा ते १ ते ९ मध्ये सांगायचं, त्यातून वजनं निघतात. उत्तरांमधली विसंगती ०.१० च्या वर गेली तर पुन्हा विचारायचं. फ्रान्समध्ये बर्नार्ड रॉय यांनी वेगळी वाट धरली, तिच्याकडे नंतर येतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन जागा. 'क' हा शहरापासून १२ किलोमीटरवरचा डोंगरउतार, खाली झरे. 'ख' ३५ किलोमीटरवरचं पडीक माळरान. 'ग' २८ किलोमीटरवरची जुनी बंद खाण, तीच खोल करायची, पण शेजारी वस्ती. शून्य म्हणजे तिघांतली सगळ्यात वाईट स्थिती, १०० म्हणजे सगळ्यात चांगली.

वाहतूक: क १००, ख ०, ग ३०
पाणी: क ०, ख १००, ग ८०
वस्ती आणि धूळ: क ५०, ख १००, ग ०

ठेकेदाराने याच क्रमाने, एकूण १०० पैकी, वजनं दिली ५०, ३०, २०. प्रत्येक गुणाला त्याच्या वजनाने गुणून शंभराने भागलं तर बेरीज येते क ६०, ख ५०, ग ३९. गावाने दिली ३०, ४०, ३०. आता क ४५, ख ७०, ग ४१. उत्तर उलटलं. वस्तीचं वजन २० वर कायम ठेवून वाहतुकीचं हलवत गेलं तर ४५ वर क आणि ख बरोबरीत येतात. म्हणजे भांडण नेमकं कुठे आहे ते कळलं: वाहतुकीला ४५ च्या वर वजन द्यायचं की खाली. हे कळणं मला निकालापेक्षा मोलाचं वाटतं. सभेत दोन तास आरडाओरडा होतो आणि कोण कशावर अडलंय ते शेवटपर्यंत समजत नाही.

क्रशरमालक

धागा वाचला. मी या धंद्यात आहे, रॉयल्टी भरून, पास काढून काम करतो, म्हणून बोलतो.

सर, तक्त्यात 'ख' माळरान म्हणून सोपं दिसतं. नाशिकच्या सपाटीवर वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र दगड आणि त्याखाली कुठे पक्का काळा कातळ. मांजऱ्याची खडी काँक्रीटला चालत नाही. डोंगराच्या कड्यावर पक्का दगड उघडा असतो, म्हणून सगळे डोंगराकडे धावतात. माळावर खड्डा खोल करावा लागतो, त्यात पाणी भरतं, उपसा करावा लागतो. तो खर्च आणि त्या पाण्याचा शेजारच्या विहिरींवर होणारा परिणाम तुमच्या १०० गुणांत दिसत नाही.

दुसरं, रात्रीतून काढणारा कुठल्याच तक्त्यात नसतो. आम्ही ३५ किलोमीटर लांब गेलो की खडी महागते, आणि ब्रासमागे स्वस्त देणारा चोर बाजार खाऊन टाकतो. जमीन महसूल संहितेच्या ४८(७) मध्ये बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, ४८(८) मध्ये वाहन जप्त होतं. पण सापडला तर. लांबची जागा ठरवणार असाल तर नाके आणि तपासणीचा खर्चही त्याच वेळी ठरवा, नाहीतर नियम पाळणाराच मरतो.

सांख्यिक

क्रशरमालक, दोन्ही मुद्दे तक्त्यात यायला हवेत. 'दगडाची प्रत आणि उपसा' हा चौथा निकष. चोरीचा मुद्दा निकष म्हणून बसणार नाही, तो प्रत्येक जागेच्या गुणांवरच परिणाम करतो: देखरेख नसेल तर ख ची निवड होऊनही खडी क मधूनच येईल. त्यामुळे जागा आणि तिची देखरेख मिळून एक पर्याय धरायचा. 'ख, नाक्यासह' हा एक पर्याय, 'ख, नाक्याविना' हा दुसरा.

वजनांबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "पाणी महत्त्वाचं की वाहतूक?" असा प्रश्न कधीच विचारू नये. सगळे पाणी म्हणतील आणि त्यातून काहीच कळणार नाही. विचारायचं असं: खडी १२ ऐवजी ३५ किलोमीटरवरून आणण्याचा तोटा मोठा, की या उताराखालचे झरे आटण्याचा? वजन हे निकषाचं नसतं, त्या निकषावर या जागांमध्ये जो फरक आहे त्याचं असतं. तिन्ही जागा शहरापासून सारख्याच अंतरावर असतील तर वाहतुकीला शून्य वजन येईल, डिझेल कितीही महाग झालं तरी.

त्र्यंबकची लेक

माझं माहेर त्र्यंबक तालुक्यातलं, सासर सिन्नरचं. गुण आणि वजनं वाचून छातीत धस्स झालं.

आमच्या पाड्यावर एप्रिल-मेमध्ये डोंगराच्या पोटातल्या झऱ्यावर हंडे लागतात. टँकर येतो तेव्हा येतो. या तक्त्यात 'पाणी' शून्य असूनही 'क' पहिला आला, कारण शहरापासून जवळ आहे. म्हणजे शहराने डिझेल वाचवलं की आमचा झरा फिटला? हा हिशेब मला मान्य नाही, वजन ४५ असो की पाच. ब्रह्मगिरीचंही तसंच. गोदावरी तिथे उगवते, १,४६५ किलोमीटर वाहते. तिच्या उगमाला किती गुण देणार?

ओडिशातल्या नियमगिरीत हेच झालं ना? बॉक्साइटसाठी डोंगर मागितला, डोंगरिया कोंध लोक म्हणाले हा आमचा देव. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला ग्रामसभांना विचारा म्हणून सांगितलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. त्यांनी वजनं दिली नव्हती. नाही म्हणजे नाही.

आमच्या अनुसूचित गावांना तर पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदाच आहे. १९९६ चा. गौण खनिजाचा, म्हणजे खडी-मुरूम-वाळूचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक. मग तक्ता कशाला हवा?

सांख्यिक

ताई, तुमचा आक्षेप गणितातही खरा आहे. बेरजेच्या पद्धतीत एका निकषावरचं नुकसान दुसऱ्यावरच्या फायद्याने भरून निघतं असं गृहीत धरलेलं असतं. काही नुकसानं भरून निघत नाहीत. रॉय यांची 'इलेक्त्र' पद्धत यासाठीच वेगळी. तिच्यात नकाराची रेघ असते. एखाद्या निकषावर एक जागा दुसरीपेक्षा त्या रेघेपलीकडे मागे पडली की बाकी कितीही गुण मिळोत, ती दुसरीच्या वर येऊ शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: पिण्याच्या पाण्याचा बारमाही झरा, उगमक्षेत्र, देवराई, अंजनेरीच्या सड्यासारख्या (सपाट कातळमाथ्यासारख्या) जागा यांना वजन द्यायचंच नाही. त्या आधीच बाहेर. अंजनेरीवर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची एक वनस्पती आहे, तो सडा फोडला तर ती दुसरीकडून आणता येणार नाही. जे परत आणता येत नाही ते तराजूत घालायचं नाही. जे भरून देता येतं, म्हणजे वाहतूक, धूळ, आवाज, रस्त्याची झीज, त्यावर वजनं लावून भांडायचं.

पेसा आहे तिथेही तक्ता लागतो असं मला वाटतं. पेठ, सुरगाणा, कळवण पूर्ण अनुसूचित आहेत, त्र्यंबक-इगतपुरी-दिंडोरीकडची बरीच गावंही. पण सिन्नर, निफाड, चांदवड, येवला नाहीत. वरच्या गावांनी नाही म्हटलं की भार खालच्या गावांवर सरकतो. तिथली विहीरही विहीरच आहे, तुमच्या सासरची.

पाझर

भूजलाच्या कामात असतो, म्हणून 'पाणी' या रकान्याबद्दल.

आपला बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय. पक्का, भेगा नसलेला थर पाणी धरत नाही. वरचा झिजलेला, भेगाळलेला किंवा सच्छिद्र थर धरतो. दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा तांबड्या मातीची पट्टी असते. पाणी वरून झिरपतं, अशा सांध्यावर अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून झरा म्हणून बाहेर येतं. खाण या सांध्याच्या वरच्या अंगाला लागली तर पाणी धरणारा थरच काढून नेला जातो. खाली लागली तर परिणाम बराच वेगळा असू शकतो. एकाच डोंगरावर दोनशे मीटर वर-खाली झालं तरी गुण बदलतील.

म्हणून 'डोंगर वाईट, माळ चांगला' असा सरसकट गुण देऊ नका. क्रशरमालक म्हणतात ते बरोबर आहे, माळावरचा खोल खड्डा आजूबाजूच्या विहिरींचं पाणी ओढू शकतो.

मोजायला यंत्रं लागत नाहीत. मे महिन्यात झऱ्याखाली बादली धरा, भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. विहिरीची पातळी दोरी टाकून मोजा, पावसाआधी आणि पावसानंतर. गावातल्या शाळेची मुलं करू शकतात. खाण सुरू व्हायच्या आधीचा आकडा नसेल तर नंतर कुणीच काही सिद्ध करू शकत नाही, गावही नाही आणि खाणवालाही नाही.

रानवाट

मला या सगळ्या पद्धतींचीच भीती वाटते आणि ती मोकळेपणाने सांगते.

पेरूमध्ये काहामार्का भागात कोंगा नावाचा सोन्याच्या खाणीचा प्रकल्प होता. डोंगरातले चार तलाव जाणार होते, बदल्यात कंपनी मोठे जलाशय बांधून देणार होती. लोक रस्त्यावर आले. सरकारने २०१२ मध्ये तीन परदेशी तज्ज्ञांकडून अहवाल तपासून घेतला, तज्ज्ञांनी सुधारणा सुचवल्या. जुलै २०१२ मध्ये आंदोलनात माणसं मेली. प्रकल्प थांबला तो थांबलाच. तज्ज्ञांचा कागद लोकांच्या नावावर खपवता आला नाही, कारण प्रश्न लोकांनी ठरवलेला नव्हता. जलाशयात पाणी किती मावेल हे तज्ज्ञ मोजत होते आणि लोक आपल्या तलावाबद्दल बोलत होते.

हल्ली तर वजनं माणसांना न विचारता आकड्यांच्या पसाऱ्यावरून काढायची पद्धतही आहे, एंट्रोपी वजन म्हणतात तिला. ज्या निकषावर जागांमध्ये फरक जास्त, त्याला वजन जास्त. तटस्थ म्हणून ती पुढे केली जाते. पण सगळ्याच जागी धूळ सारखी भयंकर असेल तर धुळीचं वजन शून्याजवळ जाईल! यातली तटस्थता मला तरी दिसत नाही.

सांख्यिक, निकष कोण लिहिणार? गुण कोण देणार? तक्ता नाशिकच्या कार्यालयात भरला जाणार असेल तर तो नकाराला शास्त्राचं नाव देऊन दडपण्याचं साधन होईल.

सांख्यिक

रानवाट, एंट्रोपीबद्दल पूर्ण सहमत. शुद्ध तुलनेसाठी ती चालते, पण न्याय ठरवायला नाही, कारण धुळीने किती त्रास होतो हे तिला ठाऊकच नसतं.

एक फरक मात्र पाहा. तुम्ही म्हणता ती फसवणूक तक्ता नसतानाही होतेच, फक्त तेव्हा ती कुणाला दाखवता येत नाही. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाचे साधारण ९ गुणिले ९ किलोमीटरचे चौकोन केले, प्रत्येकाला उतार, उंची, जंगल, दुर्मिळ प्रजाती अशा गोष्टींवर १ ते १० गुण दिले आणि सरासरी काढली. पद्धत उघडी होती, म्हणून तिच्यावर बोलता आलं. ९ किलोमीटरचा चौकोन सारूळसारख्या एका टेकडीसाठी फार मोठा, हे आपण म्हणू शकतो. सगळ्या निकषांना सारखं वजन का, हेही विचारू शकतो. त्या समितीचा आग्रह होता की अहवाल ग्रामसभांपर्यंत जावा आणि सीमा तिथे ठराव्यात. झालं उलटंच: अहवाल आधी अनेक महिने दडला, मग २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा दुसरा अहवाल आला आणि वाद नकाशांवरच अडकला.

निकष गावाने लिहायचे. गुण मोजणीतून यायचे, पाझर म्हणाले तसे, दोन्ही बाजूंसमोर. वजनांची सरासरी काढायचीच नाही. ठेकेदाराचा, वरच्या गावाचा, खालच्या गावाचा, शहराचा असे वेगवेगळे तक्ते शेजारी ठेवायचे. केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्येच दाखवलंय की सगळ्यांच्या पसंतिक्रमांतून एकच न्याय्य क्रम काढण्याची निर्दोष रीत नसते. म्हणून शेवटचा निर्णय माणसांनी सही करून घ्यावा, पण कोणाचं म्हणणं बाजूला ठेवलं ते त्या सहीखाली लिहिलेलं असावं.

निवृत्त महसूल

महसूल खात्यात आयुष्य गेलं. चर्चा चांगली आहे, पण ती कोणत्या कागदात शिरणार ते सांगतो.

जिल्हा सर्वेक्षण अहवाल. केंद्राच्या १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने वाळू आणि इतर गौण खनिजांसाठी तो आवश्यक केला. कुठे खनिज आहे, किती काढता येईल, कुठे काढू नये, हे त्यात येतं. पाच वर्षांनी नवा करायचा. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांसाठी ठेवायचा असतो. या २१ दिवसांत गावं हरकती देतच नाहीत, कारण मसुदा आलाय हेच कळत नाही. एकदा जागा अहवालात बसली की पुढचा अर्ज सरळ चालतो. पाच हेक्टरच्या आतल्या, गटात न मोडणाऱ्या पट्ट्याला जनसुनावणीही नसते. तेव्हा बोलायची जागा हीच.

आणखी एक. दोन पट्ट्यांच्या कडांमध्ये ५०० मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर ते एकत्र, गट म्हणून धरायचे असतात. नकाशावर कर्कटक घेऊन हे कुणीही तपासू शकतं. हरकतीत 'पर्यावरणाची हानी होते' एवढंच लिहू नका, ते फायलीत पडून राहतं. गट नंबर, झऱ्याचं अंतर, मे महिन्याचा प्रवाह, ५०० मीटरच्या आतले इतर पट्टे, आणि पर्यायी जागा. पर्यायी जागा दिली की अधिकाऱ्याला उत्तर लिहावंच लागतं.

द्राक्षबाग

दिंडोरी तालुका. आमच्याकडे वाद खाणीपेक्षा क्रशरच्या धुळीचा. छाटणीनंतर फुलोऱ्यात धूळ बसली की घड बिघडतात, डिपिंग-फवारणी वाया. निर्यातीच्या मालावर डाग चालत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर क्रशरला पाण्याचे फवारे आणि पत्र्याचं आच्छादन सक्तीचं केलं, डंपरला ताडपत्री लावली तरी आमचं अर्धं भांडण मिटेल. खाण बंदच करा असं आमचं म्हणणं नाही, आमच्याही शेततळ्याला आणि रस्त्याला खडी लागते.

सांख्यिक

हे फार उपयोगी आहे. वरच्या उदाहरणात झऱ्यामुळे 'क' बाहेर काढू. 'ग' ला आच्छादन, फवारे, ठरावीक महिन्यांची बंदी लावली आणि वस्तीचे गुण ० वरून ६० झाले असं धरू. ठेकेदाराच्या वजनांनी आता ग ५१, ख ५०. गावाच्या वजनांनी ख ७०, ग ५९. आधी ग ला कुणीच विचारत नव्हतं, आता तो चर्चेत आला, आणि नवा डोंगर न उघडता.

मृणाल_पंचवटी

एक शंका. मी अभियांत्रिकीला आहे. 'क' काढून टाकल्यावर वाहतुकीत आता ग सगळ्यात जवळचा उरला, त्याला १०० द्यायला नको का? तसं केलं तर क्रम बदलेल.

सांख्यिक

नेमकी शंका. याला क्रम उलटणं म्हणतात, साटींच्या पद्धतीवर १९८३ मध्ये बेल्टन आणि गिअर यांनी हाच आक्षेप घेतला. उपाय: मोजपट्टी जागांवरून ठरवू नका. शून्य म्हणजे अमुक किलोमीटर, १०० म्हणजे अमुक, हे जागांची यादी यायच्या आधीच लिहून ठेवा. नाहीतर कुणीतरी मुद्दाम एखादी निरुपयोगी जागा यादीत घुसवून निकाल फिरवेल.

रानवाट

आणि २०२५ पासून राज्य सरकार कृत्रिम वाळूला चालना देतंय, तेही यात धरा. गिरणेतली, गोदेतली वाळू वाचावी हे मलाही हवंय. पण कृत्रिम वाळू दगड दळूनच होते. नदीवरचा ताण डोंगरावर जाणार. खडीची गरज मोजताना हा भाग सोडला तर पाच वर्षांचा आकडा पहिल्याच वर्षी खोटा ठरेल. पाडकामातला राडारोडा दळून मुरमाऐवजी भरावाला वापरता येतो, तो पर्यायही 'घ' म्हणून यादीत हवा. फक्त तीन खाणींची यादी दिली तर उत्तर खाणच येणार.

सांख्यिक

'घ' टाकतो. 'किती लागेल' हा रकाना 'कुठून' च्या आधी येईल.

त्र्यंबकची लेक

सर, 'नाही'ची रेघ आधी ओढायची हे तुम्ही मानलंत म्हणून पुढे बोलते. ती रेघ कोण ओढणार हे अजून ठरलेलं नाही. माहेरी ग्रामसभा ओढेल, कायदा आहे. सिन्नरला सासरच्या गावात ग्रामसभेने ठराव केला तर त्याला तेवढं बळ नाही. मग तिथल्या विहिरीसाठी रेघ जिल्हाधिकारी ओढणार की भूजलवाले?

पुढच्या ग्रामसभेआधी महिलासभा असते. तिथे मी हा तक्ता घेऊन जाणार आहे, वजनांशिवाय. फक्त दोन रकाने: काय गेलं तर चालेल, काय गेलं तर चालणार नाही. पाझर, बादली आणि दोरीचं कसं लिहायचं ते एका पानावर मराठीत द्याल का? मेच्या आत हवं.

पाझर

देतो. झरा, विहीर, बोअर असे तीन भाग करतो. तारीख, वेळ, कोणी मोजलं, शेजारी कोण होतं, हे रकाने भरायला विसरू नका. मोजताना खाणवाल्याचा एक माणूस बोलवा आणि त्याची सही घ्या.

क्रशरमालक

बोलावलंत तर मी येईन. आमच्या क्रशरच्या खालच्या अंगाच्या दोन विहिरीही त्याच दिवशी मोजून टाकू.